इंग्लंडमधला एक साधा शेतमजूर कागदांतून कसा शोधायचा

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की आपल्या घराण्याचे उपाध्याय नामावळीची जुनी वही काढतात आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव वाचून दाखवतात. माझ्या माहेरची वंशावळ अशी एका दुपारी हाती आली. सासरची यायला चार वर्षं लागली, कारण सासर इंग्लंडमधलं. तिथे घराण्याचा उपाध्याय नसतो. पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, पाद्री, जन्ममृत्यूचा रजिस्ट्रार, शिरगणतीचा कारकून आणि गरिबांना मदत वाटणारा अधिकारी, असे चार अनोळखी लोक आपापल्या वहीत एकेक ओळ लिहून गेलेले असतात. त्या ओळी आपण गोळा करायच्या.

माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलं होतं : "ते बोटीवर होते." प्रत्यक्षात ते मूळचे पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफक काउंटीतले शेतमजूर निघाले. शिरगणतीचे कारकून 'ॲग्रिकल्चरल लेबरर' हे शब्द तोडून 'ॲग लॅब' एवढंच लिहीत, आणि इंग्लंडमध्ये वंशावळ शोधणारे अशा पूर्वजांना आजही लाडाने ॲग लॅबच म्हणतात. जमीन नाही, घर नाही, हुद्दा नाही. अशा माणसाचा माग कसा काढायचा ते माझ्या चुकांसकट लिहिते. त्यांचं नाव मात्र मुद्दाम देत नाही.

आधी घर धुंडाळा

संगणक उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसा. आमच्या सासूबाईंकडे बिस्किटाच्या डब्यात एक फोटो, दोन मेमोरियल कार्डं आणि एक विम्याची पावती निघाली. मेमोरियल कार्ड म्हणजे अंत्यविधीनंतर वाटलं जाणारं काळ्या कडेचं छोटं कार्ड. त्यावर मृत्यूची तारीख आणि वय असतं, म्हणजे जन्माचं साल अंदाजाने निघालं. फोटोच्या मागे स्टुडिओचा पत्ता होता. घरच्या गोष्टी ऐकून जशाच्या तशा लिहून ठेवा, पण 'ऐकीव' असा शेरा मारून. आमच्या 'बोटीवर होते'चा उलगडा असा झाला की खापरपणजोबा पुढे लंडनच्या गोदीत बोटींवरचा माल उतरवत असत. गोष्ट अगदीच खोटी नव्हती, नुसती फुगली होती.

मग एकच नियम पाळायचा : माहीत असलेल्याकडून मागे सरकायचं, आणि प्रत्येक पिढीचा सांधा कागदाने पक्का झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावायचा नाही. कुणी तरी इंटरनेटवर टाकलेली तयार वंशावळ सापडते, मोह होतो. ती सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. एक साधी वही करा. कुठली नोंदवही, कुठली वर्षं, कुठल्या नावाने पाहिली आणि काय सापडलं नाही, हेही लिहा. न सापडलेलं लिहून ठेवलं नाही, तर तीच नोंदवही तुम्ही सहा महिन्यांनी पुन्हा पैसे भरून पाहता. मी पाहिली आहे.

शिरगणती : दर दहा वर्षांनी दारावरची थाप

इंग्लंडमध्ये शिरगणती १८०१पासून होते, पण घरोघरची नावं देशभर सलग मिळतात ती १८४१पासून. नोंदी शंभर वर्षं बंद असतात, म्हणून आज सर्वांत अलीकडची उघडी शिरगणती १९२१ची. १९३१च्या नोंदी १९४२च्या डिसेंबरात आगीत जळाल्या आणि १९४१ला युद्धामुळे शिरगणती झालीच नाही. ही पोकळी भरायला २९ सप्टेंबर १९३९चं रजिस्टर आहे. युद्धकाळातली ओळखपत्रं देण्यासाठी ते केलं होतं. त्यात पूर्ण जन्मतारीख मिळते, आणि नंतर लग्न झालेल्या बायकांचं नवं आडनाव बऱ्याचदा जुन्यावर काट मारून वर लिहिलेलं असतं. ज्यांच्या जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत आणि मृत्यूचीही खात्री नाही, त्यांच्या ओळी झाकलेल्या दिसतील.

तेव्हा १९३९, मग १९२१, मग १९११ असं उलटं चालत जा. ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या दोन मोठ्या साइट पैसे घेतात. फॅमिलीसर्च फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. इंग्लंडमध्ये राहत असाल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, कित्येक ठिकाणी यातली एखादी साइट सभासदांना तिथल्या संगणकावर मोफत असते. लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्ज आहे, तिथे जाऊन बसलं तर पैसे घेणाऱ्या दोन्ही साइट फुकट.

आता १९११चा कागद जरा जवळून पाहू, कारण तो सगळ्यात बोलका. आधीच्या शिरगणत्यांत आपल्याला दिसतं ते कारकुनाने उतरवून घेतलेलं पान. १९११मध्ये मात्र कुटुंबप्रमुखाने घरी भरलेला मूळ तक्ताच जपला गेला. आमच्या खापरपणजोबांचं वय त्यात ६५, धंदा 'गोदीतला मजूर', जन्मगाव नॉरफकमधलं एक खेडं. पत्नीच्या नावापुढे चार आकडे : लग्नाला पूर्ण झालेली वर्षं ४०, जिवंत जन्मलेली मुलं ९, हयात ६, मेलेली ३. घरात कुणी त्या तिघांचा कधी उल्लेखही केला नव्हता. हा रकाना विवाहित स्त्रीसाठी होता, पण विधुर आणि विधवाही तो भरून मोकळे होत. मग कार्यालयात त्यावर रेघ मारली जाई. रेघेखालचे आकडे वाचता येतात, ते सोडू नका.

मागे जाताना काही गोष्टी ध्यानात असू द्या. वयं सरकतात. आमचे खापरपणजोबा १८६१मध्ये १४, १८७१मध्ये २५, १८८१मध्ये ३४. एखाद्या वर्षाच्या फरकाने माणूस बाद करू नका. जन्मगावही डळमळतं : लंडनमध्ये विचारलं तर माणूस जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो, स्वतःच्या जिल्ह्यात विचारलं तर नेमक्या खेड्याचं. १८५१पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. १८४१मध्ये नातं नाही, जन्मगावाऐवजी फक्त 'याच काउंटीत जन्म, हो की नाही', आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली उतरवून लिहायचं होतं. म्हणजे ३० लिहिलेला माणूस ३० ते ३४ यांतला कुणीही असेल. ज्यांना आई, बाप आणि लेकरं समजलो, ते भाऊ, बहीण आणि भाचरं निघाल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

नाव सापडत नसेल तर आडनाव सोडून द्या. फक्त पहिलं नाव, अंदाजे वय आणि जन्मगाव टाका. कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलंय, आणि दीडशे वर्षांनी ते अक्षर वाचून यादी करणाऱ्याने दुसऱ्यांदा गोंधळ घातलाय. सुरुवातीचा 'ह' गिळणाऱ्या गावात 'ह'ची आडनावं 'अ'खाली सापडतात. आणि घर सापडलं की शेजारची चार घरंही वाचा. आमच्याकडे पत्नीचा भाऊ दोन दारं पलीकडे राहत होता.

दाखले, आणि माझा महिना कसा वाया गेला

जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ला सुरू झाली. नोंदींची सूची तिमाहीवार आहे : मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तिमाही धरायची ती नोंदणीची. जन्माची नोंद करायला ४२ दिवस मिळत, त्यामुळे मार्चमध्ये जन्मलेलं मूल जूनच्या तिमाहीत जाऊन बसतं. नोंदणी न केल्याबद्दल आईबापांवर दंडाचा बडगा आला १८७५पासून. त्याआधीची काही मुलं सूचीत सापडतच नाहीत, मग बाप्तिस्म्याच्या नोंदीवर भिस्त.

सूची दोन ठिकाणी पाहा. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी केलेली, पूर्ण फुकट. दुसरी जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीची स्वतःची. दोन्हींत फरक आहे तो कळीचा : जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं, पण जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत ते थेट १८३७पासून दिलंय. मृत्यूच्या सूचीतलं वयही तसंच, जुन्या सूचीत १८६६पासून, नव्यात पहिल्यापासून. ती तीन मेलेली मुलं मला अशीच मिळाली. वडिलांचं आणि आईचं माहेरचं अशी दोन्ही आडनावं टाकून १८७० ते १८९५मधले सगळे जन्म काढले, शिरगणतीत न दिसणारी नावं वेगळी केली आणि मृत्यूच्या सूचीत शोधली. एक अकरा दिवसांचं, एक दोन वर्षांचं, एक सहा वर्षांची मुलगी. पैसा एक खर्च झाला नाही.

दाखला मात्र विकत घ्यावा लागतो. पीडीएफ मिळत असेल तर तीच घ्या, कागदी दाखल्यापेक्षा स्वस्त पडते आणि माहिती तीच असते. आणि क्रम चुकवू नका : आधी विवाहाचा दाखला, मग जन्माचा. माझं घोडं इथेच पेंड खाल्लं. १८४६च्या आसपास त्याच नोंदणी जिल्ह्यात त्याच नावाचे दोन मुलगे सूचीत होते. मी त्यातला एक उचलला, दाखला मागवला, बाप लोहार निघाला. लोहाराचा बापही लोहार. महिनाभरात मी १७६०पर्यंत पोचले, रंगीत तक्ता केला, सासूबाईंना दाखवला, त्यांनी तो नणंदेला पाठवला. मग एका रात्री सहज मृत्यूची सूची उघडली. तो लोहाराचा मुलगा १८४८मध्ये, दोन वर्षांचा असताना वारला होता. पॅरिशच्या दफनाच्या वहीतही तसंच. महिनाभर मी परक्या लोहारांची वंशावळ सजवत होते. तेव्हापासून कुठलाही जन्म 'आपला' म्हणण्याआधी त्या मुलाचा लहानपणीचा मृत्यू शोधायचाच, ही सवय लागली. शिवाय गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची तिथे सर्रास पद्धत होती, त्यामुळे एकाच घरात एकाच नावाचे दोघेही सापडतात.

विवाहाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आयांची नावं लिहायला इंग्लंडने २०२१ साल उजाडू दिलं. आमच्या १८७०च्या दाखल्यावर वडिलांचा धंदा 'लेबरर' होता. हे आधी पाहिलं असतं तर लोहाराच्या वाटेला गेलेच नसते. वयाच्या जागी 'फुल एज' असेल तर एकवीस किंवा त्याहून जास्त एवढाच अर्थ. साक्षीदारांची नावं उतरवून घ्या, बहुतेकदा भाऊबहीण असतात. आणि जन्मदाखल्यावर तारखेसोबत वेळही लिहिली असेल, तर जुळ्यांची शंका घ्या, इंग्लंडमध्ये वेळ सहसा जुळ्यांसाठीच लिहीत.

१८३७च्या आधी : चर्चच्या वह्या

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८मध्ये काढला. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत. मात्र १५९८पासून दर वर्षी बिशपकडे नक्कल पाठवायची होती, म्हणून पॅरिशची वही हरवली असेल तर बिशपकडची नक्कल शोधायची. १६४०च्या दशकापासून १६६०पर्यंत यादवी आणि त्यानंतरच्या राजवटीमुळे नोंदी विस्कळीत आहेत. १७३३पर्यंत काही वह्या लॅटिनमध्ये असतात, पण घाबरायचं कारण नाही, जेम्सचं 'याकोबस' होतं एवढं कळलं की भागतं.

वर्षाचा घोळ मात्र नीट समजून घ्या. १७५१पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, जवळपास आपल्या पाडव्याच्या सुमाराला. म्हणजे वहीत 'फेब्रुवारी १७४०' लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७४१. वहीत आहे तेही लिहा, आपल्या हिशेबाचंही लिहा. नाही तर आईबापाच्या लग्नाआधी दहा महिने मूल झाल्याचा आळ विनाकारण कुणावर तरी येतो.

१ जानेवारी १८१३पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील रकान्यांच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. खापरपणजोबांच्या वडिलांचा बाप्तिस्मा झाला नोव्हेंबर १८१२मध्ये. दोन महिन्यांनी हुकलं! त्यामुळे नुसतं नाव आणि आईबापांची पहिली नावं. एका पॅरिशमध्ये सापडलं नाही तर नकाशा उघडून आजूबाजूचे पॅरिश बघा. शेतमजूर कामासाठी पाच-सात मैल सहज सरकायचे. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेलाही दिसतो. कुटुंब चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचं, मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट, असेल तर त्यांच्या वेगळ्या वह्या क्यूच्या आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून बाकी सगळ्यांना लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लावावं लागे, म्हणून लग्न तिथेच शोधा.

गरिबीचे कागद

इथवर नाव, तारीख, गाव मिळतं. माणूस बोलताना ऐकू येतो तो गरिबीच्या कागदांत.

१६६२च्या कायद्याने प्रत्येक माणसाचा एक 'आपला' पॅरिश ठरवला. हातपाय चालेनासे झाले की मदत त्याच पॅरिशने द्यायची. दुसऱ्या गावात कुणी आजारी पडला की तिथले लोक पहिला प्रश्न विचारत : हा कुणाचा? मग दोन मॅजिस्ट्रेटसमोर त्याची जबानी होई आणि ती लिहून घेतली जाई. जबानीत जन्म कुठे, कुणाकडे चाकरी केली, लग्न कधी, मुलं किती, सगळं.

एखाद्या पॅरिशकडून मदतीचा हक्क मिळवायचा एक मार्ग म्हणजे अविवाहित माणसाने वर्षभर एका मालकाकडे राहून चाकरी करणं, म्हणजे थेट आपला सालगडी. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो, नॉरफकमध्ये सप्टेंबरअखेरच्या मायकलमास या सणाला. आणि मालक लबाड : पूर्ण वर्ष भरलं तर हा गडी म्हातारपणी आपल्या पॅरिशच्या गळ्यात पडेल, म्हणून ५१ आठवड्यांचाच करार करत. खापरपणजोबांच्या वडिलांची १८४३ची जबानी मला मिळाली. सतराव्या वर्षी एका शेतकऱ्याकडे मायकलमास ते मायकलमास राहिलो, जेवण तिथेच, पगार पुरा मिळाला, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. 'पुरा मिळाला' या दोन शब्दांवर सगळं अवलंबून होतं. आठवडा कमी भरला असता तर बायको-मुलांसह गाडीत घालून जन्मगावी रवानगी झाली असती. चाकरीने असा नवा हक्क मिळणं १८३४च्या कायद्याने बंद केलं, पण त्यांचं वर्ष त्याआधीचं होतं, म्हणून चाललं.

हे कागद काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, 'पॅरिश चेस्ट' या नावाखाली, आणि बरेचसे अजून इंटरनेटवर नाहीत. नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'डिस्कव्हरी' सूचीत पॅरिशचं नाव टाकून काय टिकलंय ते पाहा, मग रेकॉर्ड ऑफिसला ईमेल करा. नेमकं विचारा : पॅरिश, वर्षं, कागदाचा प्रकार. 'माझ्या पूर्वजांची सगळी माहिती पाठवा' असं लिहिलं तर नम्र नकार येतो. अविवाहित आईच्या मुलाचा बाप कोण, हेही इथेच सापडण्याची शक्यता जास्त. पॅरिशला खर्च नको असायचा, म्हणून बापाकडून लेखी हमी घेत. १८३४नंतरचे वर्कहाउसचे, म्हणजे निराधारांना ठेवून काम करवून घेणाऱ्या घरांचे, दाखल-सुटकेचे रजिस्टरही पाहा.

बाकीचं चटकन सांगते. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे सेवाकागद १९४०च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश जळाले. उरलेले 'बर्न्ट डॉक्युमेंट्स' म्हणून पाहता येतात, कडा काळ्या पडलेल्या. मृत्युपत्रं १२ जानेवारी १८५८पासून एका सरकारी सूचीत आहेत, त्याआधीची चर्चच्या न्यायालयांत. मजुराचं मृत्युपत्र सहसा नसतं, पण अविवाहित आत्याचं असू शकतं आणि त्यात सगळ्या भाच्यांची नावं असतात. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये गावचं साप्ताहिक चाळा. सशाची चोरटी शिकार, दारू पिऊन दंगा, विहिरीत पडून मृत्यू, सामान्य माणूस वर्तमानपत्रात येतो तो अशाच कारणांनी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा.

ज्यांचा इंग्रज पूर्वज मुंबई इलाख्यात आला, पुणे-खडकीच्या छावणीत किंवा रेल्वेत होता, त्यांनी उलट टोकाने सुरुवात करावी. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, मुंबईची मालिका एन/३. फाइंडमायपास्टवर त्या पाहता येतात, आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या 'फिबिस' या संस्थेची शोधसूची फुकट आहे. शिपाई असेल तर पेन्शनीत निघतानाच्या कागदांत, क्यूच्या डब्ल्यूओ ९७ मालिकेत, उंची, डोळ्यांचा रंग आणि जन्माचा पॅरिशसुद्धा मिळू शकतो. तो पॅरिश मिळाला की वरची सगळी वाट तुम्हाला मोकळी.

एक शेवटची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. जनरल रजिस्टर ऑफिसकडून येणारा विवाहाचा दाखला ही नकलेची नक्कल असते. पाद्री दर तिमाहीला वहीतून उतरवून पाठवायचा, त्यामुळे त्यावरच्या सह्या त्याच्या हातच्या. खऱ्या सह्या चर्चच्या मूळ वहीत. आमच्या १८७०च्या दाखल्यावर दोघांच्या नावांपुढे सहीऐवजी फुली होती, नीटनेटकी, सारखी. १९११च्या तक्त्यावर खाली खापरपणजोबांची सही होती, तेव्हा वाटलं, मधल्या चाळीस वर्षांत लिहायला शिकले असतील. मग तक्त्यातलं सगळं अक्षर ताडून पाहिलं. सहीचं अक्षर आणि बाकीच्या रकान्यांचं अक्षर एकच, शाळेत घोटवून घेतलेलं गोल. घरात चोवीस वर्षांची लेक होती, शिवणकाम करणारी. तिने भरला असणार.

नॉरफकचं मुख्य शहर नॉरिच, तिथल्या रेकॉर्ड ऑफिसात पडद्यावर त्या लग्नाच्या मूळ वहीचं पान उघडलं. नवरीची फुली लहान, नेटकी. खापरपणजोबांची फुली वाकडी, एक रेघ लांब ओढलेली आणि टोकाशी शाईचा डाग, लेखणी जरा जास्तच दाबलेली.